गुडघ्याच्या मापाचा क्लच

बोलण्यात विषय बदलला की दौलतमामांचा डावा पाय जमिनीवर दाबला जायचा. कापसावरून गोष्ट सोयाबीनवर गेली की पाय खाली. नवा विषय नीट चालू लागला की पाय हळूच वर. माझ्या मावसबहिणीच्या सोयरिकीच्या बैठकीत मी हे पहिल्यांदा पाहिलं. मुलाकडचे लोक मुलाच्या नोकरीचं कौतुक संपवून मुलीच्या स्वयंपाकाकडे वळले आणि शेजारच्या खुर्चीत मामांनी चप्पल दाबली. मी हसलो. "मामा, गेर बदलून राह्यले का?" असं हळूच विचारलं, तर त्यांनी आपल्या पायाकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या मास्तर. थो त्याच्या ड्युटीवर हाय."

दौलतमामा माझे सख्खे मामा नव्हेत. भीमपूर मंडलात, म्हणजे तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडे माझ्या आईचं माहेर आहे. त्या गावचे म्हणून मामा. मी आदिलाबादला एका सरकारी तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवतो, म्हणून मी मास्तर. मामा तरणे होईपर्यंत घरची बैलगाडी हाकत होते. मग बोथच्या कचेरीत ड्रायव्हर लागले आणि निवृत्त होईपर्यंत सरकारी जीप चालवली. "पयले बैल हाकले, मंग सायेब हाकले," असं ते स्वतःच सांगायचे. वर पुस्ती जोडायचे, "बैलाईनं तरास कमी देल्ला."

एवढ्या वर्षांत सरकारी गाडीला त्यांनी एक ओरखडा येऊ दिला नव्हता, आणि हे ते सगळ्यांना ऐकवायचे. मला ऐकवलं ते कमीत कमी पन्नास वेळा. दौऱ्यावर, मुआयन्याला म्हणजे तपासणीला, पंचनाम्याला, कुठल्याही नाल्यातून, कुठल्याही चिखलातून साहेबाला कोरडा नेला आणि कोरडा आणला. त्यांचा एकच कायदा होता. उताराला लागायच्या आधी छोटा गेर टाकायचा आणि मग पायाला तंबी द्यायची की किलचकडे बघायचं नाही, कारण क्लच दाबला की गाडी इंजिनापासून सुटते. "उतारावर गाडी इंजिनाच्या ताब्यात देवाव. बिरेक काय, भिजला का झोपते. इंजिन झोपत नाही." माझी पोरं वर्गात हे पुस्तकातून वाचतात आणि परीक्षेत विसरतात. मामांच्या पायाला ते पाठ होतं.

कचेरीत नव्या गाड्या आल्या तेव्हा ती जुनी फोर बाय फोर जीप लिलावात निघाली. मामांनी ती घेतली. मामी म्हणाल्या, "कंडम झाली मनून सरकारनं फेकली, आन् यायनं घरी आणली." मामी म्हणजे मामांची बायको, सुभद्रामामी. बारीक, उंच बाई, बोलणं तोडून टाकणारं. पण बाजाराच्या दिवशी लुगडं नीट करून पुढच्या सीटवर अशा बसायच्या की बघणाऱ्याला तहसीलदारीण वाटावी. पावसाळ्यात त्या गावात ऑटो यायला कुरकुरतात, काळी माती चाकं धरून ठेवते. मामांची जीप मात्र नाला ओलांडून निघायची. कोणाला दवाखान्यात न्यायचं, कोणाची पोरगी परीक्षेला न्यायची, मामा हजर. गावात दुसरे चालवणारे नव्हते असं नाही. पण किल्ली मामांच्या बनियनच्या खिशात असायची, आणि ती मागायची कोणाची टाप नव्हती.

मग डावा गुडघा गेला. एकदम नाही, वर्षभर जात राहिला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की सांधा बदलावा लागेल. मामा फोटो घेऊन तडक माझ्याकडे आले, जसा मीच हाडांचा मेकॅनिक. "वरिजिनल पार्ट काढून डुप्लिकेट टाकतो मनते थो! कायले बाप्पा?" मी खूप समजावलं. आजकाल हजार लोक करतात, चालायला लागतात. ते म्हणाले, "चालाले लागतात. डायवरी कोन करते?" डॉक्टरांनाही हाच प्रश्न विचारला होता म्हणे, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, या वयात जीप कशाला चालवता, आराम करा. तिथेच ऑपरेशनचा विषय संपला.

आषाढाच्या आधी एका सकाळी ते वर्कशॉपच्या दारात जीप घेऊन उभे. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम.

"मास्तर, किलच जड झाला. पाहा बरं."

मी बसून दाबून पाहिला. क्लच होता तसाच होता, जुन्या जीपचा असतो तेवढा. मी खरं तेच बोललो, "मामा, क्लच बरोबर आहे. तुमचा गुडघा जड झाला."

त्यांनी गुडघ्यावर तळहात ठेवला. मग म्हणाले, "मंग गुडघ्याच्या मापाचा किलच करून द्या. तुमी मास्तर हाव ना?"

आता बघा, इथे मला 'नाही' म्हणता आलं असतं. म्हणायलाच पाहिजे होतं. पण मास्तर माणसाला असं कोणी म्हटलं की त्याच्या अंगात येतं. बावीस वर्षं पोरांना तरफ शिकवतोय, आणि एका म्हाताऱ्याचा पाय हलका करता येत नाही?

पहिल्यांदा मी क्लचची खालची दांडी चार बोटं लांब केली. पेडल इतकं हलकं झालं की हातानं दाबता यावं. मामा बसले, दाबला, आणि 'आई गं' करून ओरडले. जोर कमी झाला की पल्ला वाढतो, हे मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहितो. पेडल हलकं झालं होतं, पण पाय आधीपेक्षा वर उचलायला लागत होता. मामा म्हणाले, "मले दाबनं नाही दुखत मास्तर. वाकोनं दुखते." पेशंटला विचारायच्या आधीच मी औषध दिलं होतं. दांडी पुन्हा होती तेवढी केली.

मग हाताचा क्लच करायचं ठरलं. गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला जुन्या गाड्या तोडणारा एक माणूस बसतो. त्याच्याकडून एका मोडक्या ट्रकचा हँडब्रेकचा दांडा आणला, लांब, हातात भरणारा. सीटच्या उजव्या बाजूला बसवला, खालून सळई नेऊन क्लचला जोडली. दांडा मागे ओढला की क्लच दाबला जातो, पुढे सोडला की क्लच सुटतो. डाव्या बाजूचं पेडल मी काढूनच टाकलं, नाहीतर मामांचा पाय ड्युटी सोडणार नाही हे मला माहीत होतं. गाडीत केलेल्या बदलाच्या परवानगीचे कागद राहिलेच होते. मामा आरटीओच्या कचेरीत जाऊन आले तर तिथल्या माणसानं गाडीकडे आणि मामांकडे बघून विचारलं, "दोनों में से किसका मुआयना करना है?" मामा रागानं परत आले आणि मीही तो विषय पुढे नेला नाही. हीसुद्धा माझीच चूक, लिहून ठेवतो.

एक अडचण उरली. उजव्या हातानं दांडा धरायचा, डाव्या हातानं गेर टाकायचा, मग स्टेअरिंग कोणी धरायचं? दोन दिवस मामा छाती लावून स्टेअरिंग धरत होते. मला ते बघवेना. मग मी दांड्याला दात ठेवले, हँडब्रेकला असतात तसे. ओढला की दांडा दातात अडकून तिथेच थांबेल. हात मोकळा. गेर टाकून झाला की दांडा किंचित अजून मागे ओढायचा, वरचं बटन दाबायचं आणि हळूच पुढे सोडायचा. माझ्या आयुष्यात मी इतकं देखणं काम दुसरं केलं नाही. सहकारी मास्तर येऊन बघून गेले. पोरांनी फोटो काढले.

मामांनी दांड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "कासरा केला का मास्तर मायासाठी?"

बैलाच्या वेसणीला बांधलेला तो दोर, ज्यानं गाडीवान बैल आवरतो, तो कासरा. सगळे हसले. त्या दिवसापासून त्या दांड्याचं नावच कासरा पडलं.

"फक्त उलटा हाय," मामा म्हणाले. "कासरा ओढला का बैल थांबते. हा ओढला का गाडी मोकळी होते."

"ते लक्षात ठेवा म्हणजे झालं," मी म्हणालो. वर्गात पोरगा चुकला की मी त्याला फळ्यापाशी उभा करून पुन्हा करून दाखवायला लावतो. इथे चुकत मी होतो; धोका कुठे आहे ते मामांनी मला सांगून टाकलं होतं, आणि मी हसत होतो.

रविवारी सकाळी तंत्रशाळेच्या मैदानावर मामांचा क्लास भरायचा. पहिल्या दिवशी जीप बेडकासारखी उड्या मारत होती आणि मामी बाजूच्या कट्ट्यावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. "हळू ओढा ना, गोऱ्हा हाय का थो?" मामा चिडायचे. "तू गप बस, शिकून राह्यलो मी." सत्तरीचा माणूस शिकून राहिला होता. तिसऱ्या रविवारी त्यांनी जीप अशी उचलली की चहाचा पेला सांडू नये. खाली उतरून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, मी डायवर राह्यलो." डोळ्यांत पाणी होतं. मी पण रडलो, खोटं कशाला बोलू?

दीड महिना मामा फिरले. आठवड्यातून एकदा मुद्दाम आदिलाबादला यायचे, काही काम नसलं तरी, आणि गेटपाशी हॉर्न वाजवून निघून जायचे. मी पोरांना सांगायचो, बघा, याला म्हणतात कारागिरी.

भाद्रपदात बाजार करून मामा आणि मामी गावाकडे परत निघाले होते. नाल्याला पाणी होतं, चाकाच्या निम्म्यापर्यंत. मामांनी जीप नेहमीसारखी पार केली. पलीकडे रस्ता थोडा चढतो आणि मग गावाकडे सरळ उतरतो, दोन्ही बाजूंना कापूस. उताराच्या शेवटी एक पुलिया, म्हणजे छोटा पूल आहे, तिला कठडा नाही. मामा छोट्या गेरमध्ये उतरत होते, इंजिनाच्या ताब्यात, त्यांच्या कायद्याप्रमाणे. तेवढ्यात कापसातून शेळ्या रस्त्यावर आल्या आणि शेळ्यांमागे त्या राखणारी म्हातारी.

पस्तीस वर्षं ड्रायव्हर होता तो मामांचा पाय. त्या उतारावर त्यानं कधीच क्लच दाबला नसता. पण क्लच आता पायाकडे नव्हता. तो हाताकडे होता, आणि मामांचा उजवा हात गाडीवानाचा होता. समोर जनावर आलं आणि हातानं कासरा ओढला. गाडी इंजिनापासून सुटली. उजवा पाय ब्रेकवर होता, पण नाल्यातून आलेले ब्रेक भिजलेले. म्हातारीला वाचवायला मामांनी जीप पुलियावरून बाजूला घातली आणि जीप कडेला खाली आडवी झाली.

म्हातारीला काही झालं नाही. मामांच्या कपाळाला टाके पडले. मामींचं डाव्या हाताचं मनगट मोडलं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. घरी जायच्या आधी पुलियापाशीच थांबलो. जीप तशीच आडवी पडून होती, आजूबाजूला कोणी नव्हतं. मी वाकून आत पाहिलं. दांडा मागे होता. तिसऱ्या दातात अडकलेला.

मी काय केलं ते सांगतो. मी आत हात घातला, दांडा किंचित ओढला, बटन दाबलं आणि दांडा पुढे सोडून दिला. का केलं? कोणी विचारलं नव्हतं, कोणाला त्यातलं कळणारही नव्हतं. तरी केलं. मग घरी गेलो.

मामा बाजेवर होते, कपाळाला पट्टी. अर्धं गाव जमलं होतं. मला बघताच ते मोठ्यानं म्हणाले, "या मास्तर, या. मायाच हातानं घात केला. कासरा समजून ओढला मी!"

"मंग काय," हात गळ्यात बांधलेल्या मामी म्हणाल्या. "जीपले हो-हो मनून राह्यले होते. बैलाले मनते तसं. म्या आपल्या कानानं आयकलं."

लोक हसले. मामाही हसले, टाके ओढले गेले तरी. कोणीतरी म्हणालं, "मामानं जीपले बैल समजलं." ते वाक्य तिथून उठलं आणि गावभर झालं. पुढे मामा दिसले की लोक "हो, हो" करायचे. ज्या माणसानं सरकारी गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता, त्या माणसाला. आणि मामा दर वेळी हसायचे.

मीही त्या दिवशी हसलो. मला म्हणता आलं असतं, मामा, हातानं ओढला असेल, पण माणूस घाबरून ओढतो आणि लगेच सोडतो. दांडा दातात का अडकला होता? सोडल्यावर तो सुटायला हवा होता. तो सुटू नये अशी सोय मी केली होती. घाबरलेला माणूस अजून थोडं ओढून, मग बटन दाबून, मग हळूच सोडेल का? हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मामा पुढे म्हणाले, "दांडा झकास होता मास्तरचा. त्याच्यात खोट नाही." आणि मी तोंड मिटलं.

जीप मी ट्रॅक्टरनं ओढून आणवली, नीट केली. दांडा कापून काढला, जुनं पेडल बसवलं. दिवाळीनंतर मामा बघायला आले, बसनं. सीटवर चढायलाच त्यांना वेळ लागला. डावा पाय पेडलवर ठेवला, दाबला. अर्ध्यात थांबला. पुन्हा दाबला. ओठ दाताखाली धरून तिसऱ्यांदा दाबला, पाय थरथरायला लागला आणि पेडल वर आलं. इंजिन चालूही केलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये पोरं होती, मी त्यांना बाहेर पाठवलं. मामा समोरच्या काचेतून बघत राहिले, जसा पुढे रस्ता आहे.

"मास्तर," ते म्हणाले, "मले उतरून घ्या."

मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना खाली घेतलं. किती हलके झाले होते. बनियनच्या खिशातून किल्ली काढून त्यांनी बॉनेटवर ठेवली आणि बसस्टँडपर्यंत सोडायला सांगितलं. त्यानंतर ते आदिलाबादला आले नाहीत. मी गावी गेलो की ओसरीवर बाजेवर असायचे. बोलायचे, चहा पाजायचे, वर्गातल्या पोरांची चौकशी करायचे. ऑपरेशनबद्दल मी दोनदा विचारलं. "आता कायले?" एवढंच म्हणाले. मला काही करता येत नव्हतं. सारखं काहीतरी करून देणारा माणूस मी, आणि मी नुसता जाऊन चहा पिऊन येत होतो.

वैशाखात मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेराव्याला पंगत उठल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात मामींजवळ बसलो. त्यांचं मनगट वाकडं जुळलं होतं. त्या हातानं गंज, म्हणजे चहाचं पातेलं, धरता येत नाही म्हणून दुसऱ्या हातानं चहा गाळत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मामी, तो दांडा तिसऱ्या दातात अडकला होता. मी पाहिला. मी सोडवून ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही. मामांची चूक नव्हती."

मामी गाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले मालूम हाय."

"कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"यायनं मले दवाखान्यातच सांगतलं होतं. मनले, म्या ओढला, पन समजलं तसा सोडला बी. थो सुटलाच नाही. म्या मनलं, मंग सांगा ना लोकाईले, कायले आपल्यावर घेऊन राह्यले? तर मनले, मी तं आता डायवर राह्यलो नाही, सुभद्रे. पन मास्तरच्या हाताखाली पोट्टे शिकतात. त्याईचा इश्वास जाईन."

चहाचा कप त्यांनी माझ्यासमोर सरकवला. "मले शपथ घातली होती. तुमी आपल्या तोंडानं बोलले मनून सांगतलं. प्या, थंडा होते."

मी प्यायलो. दुसरं काय करणार होतो?

वर्गात हे मी अजून सांगितलेलं नाही. दोनदा दाताचा दांडा शिकवायची वेळ आली, दोनदा फळ्याकडे तोंड करून बोललो. म्हणून इथे लिहितो आहे. भीमपूरकडच्या त्या गावात अजून कोणी हसत असेल की दौलतमामांनी जीपला बैल समजलं, तर त्याला कोणीतरी हे वाचून दाखवा. मामांनी दांडा सोडला होता. दात मी बसवले होते.